डाएट भाऊजींचं, स्वयंपाक कुणाचा?

दिवाळीच्या फराळाचे डबे तळाला गेले की डोंबिवलीतल्या पोळी-भाजी केंद्रांवरची मागणी बदलते. एरवी दहा पोळ्या बांधून नेणारा माणूस चार भाकऱ्या मागतो, ‘भाजीत तेल कमी घालता ना?’ म्हणून दोनदा विचारतो. संक्रांतीला गुळाची पोळी आली की माप पुन्हा मूळपदावर. असं एक केंद्र चालवणाऱ्या वहिनी आणि त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारे त्यांचे धाकटे दीर, यांच्यातला हा वाद. ही दोघं कुठल्याही एका घरातली नाहीत. बऱ्याच घरांत कानावर आलेलं बोलणं मी त्यांच्या तोंडी घातलं आहे. भाऊजींचं वय ४६, नोकरी फोर्टात, रात्री घरी पोचायला साडेनऊ. रक्तातल्या साखरेची सरासरी सांगणारं एचबीए१सी ६.१, म्हणजे मधुमेह अजून नाही, पण ५.७ ते ६.४ या मधल्या पट्टीत मुक्काम. वाचन दांडगं. वहिनी पुस्तकं फारशी वाचत नाहीत, पण कोण किती पोळ्या नेतं आणि कुणाची भाजी डब्यात उरून परत येते, हे त्यांना तोंडपाठ असतं.

भाऊजी : वहिनी, सोमवारपासून माझ्या डब्यात पोळी देऊ नका. भात तर नाहीच. पनीर, अंडी आणि काकडी-गाजर, बस.

वहिनी : सोमवारपासूनच का? आज बुधवार आहे.

भाऊजी : शनिवारी साखरपुडा आहे ना पिंट्याचा. तेवढं उरकलं की सुरू.

वहिनी : म्हणजे आधी कांदेनवमी, मग चातुर्मास!

भाऊजी : हसा. पण नियम कडक असला की डोकं चालवावं लागत नाही. ‘थोडं कमी खा’ हा काय सल्ला झाला? थोडं म्हणजे किती? मला आकडा हवा, वेळ हवी. म्हणून तर दीक्षितांचं पटलं होतं. दिवसातून दोनदा जेवायचं, ५५ मिनिटांच्या आत आवरायचं, मध्ये तोंड हलवायचं नाही, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. ११ किलो उतरलो होतो मी.

वहिनी : उतरलात. आणि चढलातही.

भाऊजी : तो माझा दोष, पद्धतीचा नाही. गणपतीत मोडलं.

वहिनी : काय मोडलं नेमकं? मोदक खाल्लात?

भाऊजी : मोदकाचं एवढं नाही. पाहुणे येत राहिले, प्रत्येकाबरोबर प्रसाद झाला. दुसऱ्या दिवशी म्हटलं, आता मोडलंच आहे तर विसर्जनापर्यंत चालू दे. मग पितृपक्षातली जेवणं, मग नवरात्र, मग फराळ.

वहिनी : एका दिवसाचा प्रसाद तुम्ही दिवाळीपर्यंत पुरवलात! मोदकानं कुणाचं वजन वाढत नाही हो. ‘आता मोडलंच आहे’ या तीन शब्दांनी वाढतं.

इथे एक जुनी आठवण काढायला हवी. २०१८-१९च्या सुमारास महाराष्ट्रात ‘दीक्षित की दिवेकर’ हा वाद घरोघरी रंगला होता. नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांच्या मांडणीवरून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दोन वेळच्या जेवणाची मोहीम उभी केली होती. ऋजुता दिवेकर दर दोन तासांनी थोडं थोडं, स्थानिक, हंगामी, तुपासकट खा म्हणत होत्या. कार्यालयांत तट पडले, सोसायटीच्या ग्रुपांवर भांडणं झाली. गंमत अशी, की पाकिटातलं कमी करा, चाला, भूक लागल्यावर जेवा, यांवर दोन्ही बाजूंची फारशी तक्रार नव्हती. भांडण होतं ते फक्त किती वेळा जेवायचं यावर, कारण भांडायला आकडा सोपा पडतो.

भाऊजी : बरं, माझा निश्चय कच्चा, मान्य. म्हणून तर आणखी कडक नियम हवा.

वहिनी : तुमचा निश्चय कच्चा कुठे? पहाटे पाचला उठून गाडी गाठता वीस वर्षं. पण रात्री अकरा वाजता तुम्ही मोबाईलवर काय बघत असता ते तुमच्या बायकोनं सांगितलंय मला. मिसळ, बटर पावभाजी, पुरणपोळीचे व्हिडिओ. एरवी क्रिकेट बघणारा माणूस.

वहिनींनी नेमक्या जागी बोट ठेवलं आहे. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली अँसेल कीज यांनी एक प्रयोग केला. युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले ३६ धडधाकट तरुण त्यात स्वेच्छेनं आले होते. २४ आठवडे त्यांना दिवसाला साधारण १,५७० कॅलरी दिल्या गेल्या. आज डाएटच्या नावाखाली जे तक्ते फिरतात त्यांतले कित्येक याहून कमी भरतात, हे लक्षात घ्या. वजन सुमारे पाव हिश्श्यानं घटलं. पण त्याहून बोलकं होतं ते मनाचं. ही मुलं पाककृतींची पुस्तकं जमवू लागली, ताटाशी तास तास रेंगाळू लागली, चिडचिडी झाली, बोलण्यात जेवणाखेरीज विषय राहिला नाही. आणि पोटभर मिळायला लागल्यावरही बऱ्याच जणांना कितीही खाल्लं तरी समाधान होईना. तत्त्वासाठी तुरुंग पत्करायची तयारी असलेली ही माणसं. त्यांना लेचीपेची कोण म्हणेल? पुढे २०११ साली मेलबर्नच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की झपाट्यानं वजन उतरवलेल्या माणसांत भूक वाढवणारी संप्रेरकं वर्षभरानंतरही चढलेलीच होती. भाऊजींच्या रात्री अकराच्या पुरणपोळीचं मूळ इथे आहे.

भाऊजी : हे मीही वाचलंय. पण तुम्ही ब्रिटनमधलं ‘डायरेक्ट’ नावाचं संशोधन वाचलं नसेल. २०१७ सालचं. मधुमेह झालेल्या लोकांना तीन ते पाच महिने दिवसाला साडेआठशेच्या आसपास कॅलरी, त्याही फक्त सूप आणि शेक. वर्षाअखेर ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधाशिवाय आटोक्यात. ज्यांनी १५ किलो किंवा जास्त कमी केलं, त्यांच्यात तर ८६ टक्के! याला काय म्हणाल?

वहिनी : चांगलंच म्हणेन. डॉक्टर होते ना सोबत?

भाऊजी : डॉक्टर, नर्स, आहारतज्ज्ञ, सगळे. औषधंही त्यांनीच बंद केली.

वहिनी : मग दोन वर्षांनी?

भाऊजी : ३६ टक्के.

वहिनी : हेही थोडं नाही. पण त्या सूपवाल्यांना महिन्यातून बोलावणारं, पुढचं सांगणारं कुणीतरी होतं. तुम्हाला कोण आहे? तुमचा व्हॉट्सॲप ग्रुप?

या फेरीत मी भाऊजींच्या बाजूनं आहे. वजन उतरवणं व्यर्थ असतं, शरीर पुन्हा जागेवर जातंच, असं सरसकट सांगणाऱ्यांचं मला पटत नाही. मधुमेह नुकताच जडलेल्या जाड माणसासाठी काही महिन्यांचा कडक आहार हे औषध ठरू शकतं. पण मग ते औषधासारखंच घ्यायला हवं : कुणीतरी लिहून दिलेलं, कुणाची तरी नजर असलेलं, आणि संपल्यावर काय जेवायचं ते आधी ठरवलेलं. शेवटचा भाग आपल्याकडे कुणीच ठरवत नाही. डाएट ‘संपतं’, आणि माणूस जुन्या ताटावर परत येतो.

भाऊजी : जुनं ताट वाईट आहे, हेच तर मी म्हणतोय. पोळी, भात, बटाटा, साबुदाणा. नुसती साखर. आपण भारतीय निम्म्याहून जास्त, ६२ टक्के कॅलरी पिष्टमय पदार्थांतून घेतो. आयसीएमआरचाच अभ्यास आहे, २०२५चा. मी घरी सरळ सांगितलंय, पोळी म्हणजे विष.

वहिनी : ते कळलं मला. परवा तुमची लेक डबा परत घेऊन आली. भाजी खाल्लेली, पोळ्या तशाच. विचारलं तर म्हणाली, ‘काकू, बाबा म्हणतात पोळी विष असते.’ चौदा वर्षांची पोर, सकाळी शाळा, संध्याकाळी कबड्डी. दुपारी चारला चक्कर आल्यासारखं होतंय म्हणते.

भाऊजी : मी माझ्यापुरतं म्हणालो होतो.

वहिनी : विष म्हटल्यावर ते एकट्यापुरतं कसं राहील?

यावर भाऊजी काही बोलले नाहीत. बोलावं असं काही नव्हतंही. वाढत्या वयाच्या मुलीसमोर रोज वजनकाट्यावर चढून उसासे टाकणारे आईबाप पुष्कळ आहेत. ती मुलं अन्नाचे दोन कप्पे करायला शिकतात, पुण्याचं आणि पापाचं, आणि तिथून चोरून खाण्याकडे जायला वेळ लागत नाही.

वहिनी : आता माझं ऐका. मी बंद काही करत नाही. मोजते. तुमच्या घरी पाच लिटरचा तेलाचा डबा किती दिवस जातो?

भाऊजी : महिनाभर जात असेल.

वहिनी : चार माणसं. म्हणजे माणशी सव्वा लिटर. डॉक्टर सांगतात माणशी अर्धा लिटर. दोन लिटरची गोष्ट पाचावर गेली आहे, आणि तुम्ही भांडताय पोळीशी.

हिशेब करून पाहिला. माणशी सव्वा लिटर म्हणजे दिवसाला चाळीस मिलिलिटरच्या वर, साडेतीनशेच्या आसपास कॅलरी. त्यांतल्या दोनशे वाचल्या तर ताटातला एकही पदार्थ न घटवता वाचतात. शिवाय हे तेल दिसत नाही. घडीच्या पोळीच्या आत ते असतं, वरून असतं, फोडणीत असतं, आणि ‘तर्री आल्याशिवाय भाजी वाटत नाही’ या समजुतीत असतं. वहिनींनी केंद्रात केलं ते एवढंच : पळीनं ओतायचं तेल चमच्यावर आणलं आणि पहिल्या तारखेला महिन्याचं तेल वेगळ्या बरणीत काढून ठेवायला लागल्या. बरणी विसाव्या दिवशी संपली तर एकविसाव्या दिवशी वाफेवरच्या भाज्या. गिऱ्हाईक एकानंही तोडलं नाही, असं त्या म्हणतात; मला थोडी शंका आहे, पण केंद्र चालू आहे.

भाऊजी : तेलाचं ठीक. पण पोळ्या?

वहिनी : डब्यात चार पोळ्या आणि वाटीभर बटाट्याची भाजी नेत होतात. आता दोन पोळ्या, भाजी दुप्पट, आणि एक वाटी मटकीची किंवा चवळीची उसळ. बटाटा भाजी म्हणून नाही, भाजीत म्हणून. वरण तुमच्याकडे पाण्यासारखं असतं, ते घट्ट करा. डाळ खायची की डाळीचं पाणी प्यायचं? आणि रात्री बसल्याबसल्या पहिला वरण-भात घेता, मग पोळी, मग मागचा ताक-भात. त्यातला एक भात गाळा. कुठला ते तुम्ही ठरवा.

भाऊजी : पहिला भात गाळायचा? तुपाचा?

वहिनी : मग मागचा गाळा. पण आधी कोशिंबीर आणि उसळ खायची, पोळी-भात नंतर.

पानात डावीकडे वाढायची कोशिंबीर आपल्याकडे तोंडी लावण्यापुरती. वहिनी ती वाटीभर करतात आणि आधी खायला लावतात. भाज्या आणि प्रथिनं आधी, पिष्ट मागून, असं जेवल्यास जेवणानंतरची साखर कमी चढते, असं २०१५च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं आहे. अभ्यास ११ जणांचा, अगदी लहान, त्यामुळे फार नाचायला नको. पण यात जातं काय? आणि पोटात आधी वाटीभर काकडी-मुळा-दही गेलेला माणूस तिसरी पोळी आपणच नको म्हणतो.

भाऊजी : आता तुम्ही म्हणाल, आजीच्या काळासारखी भाकरी खा, म्हणजे सगळं छान होईल.

वहिनी : मी भाकरी विकते, म्हणून म्हणू शकते. पण नाही म्हणणार. तीन भाकऱ्या ठेच्याबरोबर खाल्ल्या तर ज्वारी काय करणार बिचारी!

भाऊजी : हे मात्र बरोबर. त्याच आयसीएमआरच्या अभ्यासात आलंय, नुसता मैदा-तांदूळ काढून तिथे गहू किंवा भरडधान्य ठेवलं, तर मधुमेहाचा धोका घटताना दिसला नाही. डाळी, दूध-दही यांची प्रथिनं पिष्टाच्या जागी आली तिथे घटला.

२०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं, आणि तेव्हापासून नाचणीच्या नावानं साखर आणि पामतेल घातलेली बिस्किटं पाकिटांतून घरात आली. आजीच्या आहाराचं कौतुक करणाऱ्यांनी आजीचा दिवसही आठवावा : जात्यावरचं दळण, विहिरीचं पाणी, शेताची ये-जा. त्या आजीच्या तीन भाकऱ्या जिरत होत्या. लिफ्टनं तिसरा मजला गाठणाऱ्या नातवाला आजीच्या ताटातली भाकरी एकच परवडेल. पिठलं, पालेभाजी, ताक हवं तेवढं.

भाऊजी : पण वहिनी, तुमच्या या पद्धतीनं वर्षभरात दोन किलो उतरतील. मला दहा उतरवायचेत.

वहिनी : तुमच्या दादाकडे बघा. काडीपैलवान. आयुष्यात कधी पासष्ट किलोवर गेला नाही. साखर कुणाला? त्यालाच.

दादासारख्या माणसांची कहाणी पुण्यात उलगडली गेली. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र काढलेला फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबी, हे भारतीय शरीराचं गुपित. म्हणून आपल्याकडे जास्त वजनाची रेषा बीएमआय २५ ऐवजी २३वर ओढतात, आणि काट्यापेक्षा कमरेची टेप बरी मानतात : पुरुषांना ९० सेंटिमीटर, स्त्रियांना ८०. भाऊजींना मी आणखी एक आकडा सांगेन. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांना तीन वर्षं पाहिलं. ज्यांनी फक्त खाणं आणि चालणं सुधारलं, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं. वजन? ते फारसं हललंच नव्हतं. काट्यावर काही दिसत नाही म्हणून ज्या सवयी माणसं दुसऱ्या महिन्यात सोडतात, त्या आत कुठेतरी काम करत असतात.

भाऊजी : ठीक. पण नियमाशिवाय सवय लागत नाही, हे तुम्हाला मानावं लागेल. तुम्हीच चातुर्मास म्हणालात. आपली आई चार महिने कांदा-लसूण-वांगी खायची नाही. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाल्याशिवाय वांगं घरात येत नव्हतं. तिला कधी मोह झाला? नाही. कारण नियम कडक होता!

वहिनी : नियम कडक होता म्हणून नव्हे हो. घरात कांदाच नव्हता म्हणून! सगळ्यांनाच नव्हता. सासूबाई एकीकडे कांदा सोडतायत आणि शेजारी मी तुमच्यासाठी कांदाभजी तळतेय, असं कधी झालं का?

भाऊजी : नाही.

वहिनी : आणि एकादशीला? तेव्हाही नियमच असतो. माझ्याकडे साबुदाण्याची खिचडी त्या दिवशी दुपारी बारापर्यंत संपते. एकादशी, दुप्पट खाशी.

या दोघांच्या बोलण्यातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट ही. चातुर्मास पाळला जायचा तो एकट्या माणसाच्या मनोबलावर नव्हे. बाजारहाट, चूल आणि पंगत, तिन्ही एकदम बदलायची. आजचं डाएट मात्र एकट्यानं करायचं असतं, बाकीचं घर जुन्याच वळणावर ठेवून. फ्रिजमध्ये मुलांचं आइस्क्रीम, डब्यात खारी, टेबलावर शेव, आणि मध्ये बसलेला एक निश्चयी माणूस. तो हरला तर नवल कसलं?

भाऊजी : म्हणजे सगळ्या घरानं माझं डाएट करायचं?

वहिनी : तुमचं नाही. सगळ्यांचं एक जेवण. आता काय चाललंय माहीत आहे? तुमची बायको ठाण्याच्या बँकेतून साडेसातला येते. मुलांसाठी पोळी-भाजी, वरण-भात. मग तुमच्यासाठी वेगळं : पनीर परतायचं, अंडी उकडायची, चार प्रकारच्या भाज्या चिरायच्या. तुम्ही साडेनऊला येऊन काट्यावर चढता. डाएट तुम्ही करता, पण दोनदा स्वयंपाक ती करते. आणि मुलांच्या ताटात राहिलेली अर्धी पोळी, तळाचा भात कोण संपवतं? ‘टाकायचं कशाला’ म्हणून तीच. दहा वाजता, ओट्याशी उभी राहून.

भाऊजी : ती कधी बोलली नाही.

वहिनी : तुमचं वजन उतरत होतं ना, सगळे तुमचंच कौतुक करत होते. ती कशाला बोलेल?

या ओट्याकडे आहाराच्या चर्चा क्वचितच वळतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९-२१ मध्ये, १५ ते ४९ वयाच्या २४ टक्के भारतीय स्त्रियांचं वजन प्रमाणाबाहेर होतं आणि ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. हे दोन्ही एकाच बाईला असू शकतं. शेवटी जेवायचं, उरलेलं जेवायचं, उसळ संपलेली असते म्हणून भातावर भागवायचं. यातून वजन वाढतं आणि लोह मिळत नाही. नवऱ्याच्या पनीरचा खर्च घराच्या हिशेबात येतो, पण तिच्या वाटीभर उसळीचं कुणाच्या लक्षातही येत नाही.

भाऊजींनी मग तिथल्या तिथे भाज्या चिरायचं वचन दिलं. वहिनींनी ते फारसं मनावर घेतलं नाही. त्यांनी दुसरंच मागितलं : रविवारी मटकी, चवळी, हरभरे भिजवायचं काम भाऊजींचं. मोड आले की डब्यांत भरून फ्रिजमध्ये, म्हणजे आठवड्याच्या रात्री उसळीला वीस मिनिटं. आणि किराण्याची यादी भाऊजींनीच करायची, दुकानात त्यांनीच जायचं. ‘जो खारीचं पाकीट उचलतो त्याच्या हातात पिशवी द्या,’ असं त्यांचं म्हणणं.

भाऊजींनीही सगळं सोडलं नाही. रात्रीच्या जेवणानंतर काही खायचं नाही, हा नियम ते ठेवणार आहेत, आणि आठवड्यातून एकदा कंबर मोजणार आहेत. वहिनींना कंबर मोजणं पसंत नाही, मला आहे. ठरावीक वेळेला ठरावीक कृती जोडली की सवय जडते, आणि त्यासाठी सीमा ठळक लागतेच. लंडनच्या फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, कुणाला अंदाजे २५४. मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडलं नाही, हेही त्यात होतं. मोदकाचा दिवस त्यात आरामात बसतो.

दुपारच्या चहाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. कार्यालयात चार वाजता ट्रे फिरतो, दोन चमचे साखर आधीच घातलेला. भाऊजी म्हणतात, नाही म्हटलं तर साहेबाला वाटतं आजारी आहे. वहिनींनी खिशात भाजलेले फुटाणे ठेवायला सांगितलंय. ट्रेमधल्या चहाला त्यांच्याकडेही उत्तर नाही.

माझा कौल वहिनींच्या बाजूनं. पण भाऊजींचं पाहून दादा, ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, तेही ‘मीही सोमवारपासून भात-पोळी बंद करतो’ म्हणत आहेत, आणि त्यांच्यासारख्यांना एक सांगणं आहे. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय जेवण वगळू नका, पिष्ट एकदम तोडू नका. डोस तोच आणि जेवण निम्मं, असं झालं की साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली उतरू शकते. घाम फुटला, हात थरथरले, बोलण्यात गोंधळ झाला, तर आधी तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या, मग फोन करा. आणि तुम्ही कुठलंही डाएट सुरू करणार असाल, तर तुमच्या घरी जे कुणी रांधतं त्यांच्याशी आधी बसून बोला.